वॉर्डात दोन वह्या असतात

मागच्या वर्षी मामाच्या ऑपरेशनच्या वेळी मी आठ दिवस त्याच्या कॉटशेजारी मुक्काम ठोकून होतो. पीएचडीची सवय, म्हणून वही काढली आणि दिसेल ते टिपायला लागलो. राउंड किती वाजता होतो, जेवण कधी येतं, लादी कधी पुसतात. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी विचारलंच, "काय लिहिताय एवढं? आमची तक्रार करणार का?" मी नुसता हसलो. त्यांना नीट उत्तर द्यायला हवं होतं, हे एक जुना शोधनिबंध पुन्हा वाचताना लक्षात आलं.

निबंध अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझनहॅन यांचा. जानेवारी १९७३ मध्ये तो 'सायन्स'मध्ये छापून आला. रोझनहॅन धरून आठ धडधाकट माणसं "आवाज ऐकू येतात" असं खोटं सांगून १२ मनोरुग्णालयांत दाखल झाली. एकदा आत गेलं की नेहमीसारखं वागायचं आणि बघत राहायचं. मुक्काम ७ ते ५२ दिवसांचा.

निबंधात निदानाची चर्चा आहेच, पण मला जास्त धरून ठेवलं ते वॉर्डातल्या रोजच्या आयुष्याने. कर्मचाऱ्यांची काचेची खोली होती, तिला ही मंडळी 'पिंजरा' म्हणू लागली. अटेंडंट सरासरी ११.३ टक्के वेळच त्या खोलीबाहेर असत. डॉक्टरांना साधा प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा ते मान वळवून पुढे निघून जात. आधी लपूनछपून लिहिणारी ही माणसं नंतर सगळ्यांसमोर लिहू लागली, कारण कोणी हटकतच नव्हतं. एकाच्या बाबतीत नर्सने त्याचं लिहिणं हेच रुग्णाचं वर्तन म्हणून रोज नोंदवलं!

ओळखलं ते शेजारच्या रुग्णांनी. पहिल्या तीन मुक्कामांत ११८ पैकी ३५ रुग्णांनी शंका बोलून दाखवली. तुम्ही पत्रकार किंवा प्राध्यापक असणार, हॉस्पिटल तपासायला आला आहात, असं काहींनी तोंडावर सांगितलं. म्हणजे मावशींचाच प्रश्न.

पुढे कित्येक वर्षं हा निबंध पाठ्यपुस्तकांत पुरावा म्हणून फिरला. मग २०१९ मध्ये पत्रकार सुझॅना कॅहॅलन यांचं पुस्तक आलं. त्यांना रोझनहॅन यांची हॉस्पिटलमधली केस फाइल मिळाली होती. निबंधाप्रमाणे तक्रार फक्त आवाजांची होती. फाइलमध्ये मात्र आत्महत्येच्या विचारांचीही नोंद आहे, आणि आवाज थांबावेत म्हणून कानांवर तांब्याची भांडी धरत असल्याचीही. अशा माणसाला दाखल करून घेणारा डॉक्टर मूर्ख ठरतो का? शिवाय खूप शोधूनही रोझनहॅनखेरीज दोनच सहभागी सापडले. त्यांतल्या हॅरी लँडो यांचा हॉस्पिटलचा अनुभव चांगला होता, पण ते निबंधातल्या आठांत नव्हतेच. त्यांना वगळण्यात आलं होतं.

इथे घाईने "फाइल खरी, डायरी खोटी" असा निष्कर्ष काढू नका. त्या ३५ जणांची शंका कुठल्या केस पेपरवर आली असती? डॉक्टरांची वळलेली मान कोण नोंदवणार? वैद्यकाचा इतिहास डॉक्टरांच्या बाजूनेच लिहिला जातो, तो रुग्णाच्या नजरेतूनही लिहायला हवा, हे रॉय पोर्टर यांनी १९८५ मध्ये मांडलं ते म्हणूनच. पण रुग्णाची नजर हेही एक साधनच आहे. इतर साधनांसारखी तीही तपासावी लागते.

वॉर्डात दोन वह्या असतात, एक बघणाऱ्याची आणि एक बघितल्या जाणाऱ्याची. शक्य तिथे दोन्ही समोरासमोर ठेवा. आपण आत कसे शिरलो, कोणाला काय सांगितलं, हे जसंच्या तसं लिहून ठेवा. आणि आपल्या मांडणीत न बसणारा लँडो भेटला, तर त्याला वगळू नका.

परवा माझी वही उघडली. एका पानावर लिहिलंय, "सिस्टर दोन तास फिरकल्या नाहीत." त्या दोन तासांत त्या कुठे होत्या, त्यांच्याकडे किती कॉट होत्या, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. मावशींची शंका अगदीच चुकीची नव्हती.