न दिसणाऱ्या पत्रांची प्रेमकथा

पत्रात्मक कादंबरी हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. वा. म. जोशी यांची 'इंदु काळे व सरला भोळे' १९३४ साली प्रसिद्ध झाली. युरोपात तर त्याची परंपरा रिचर्डसनच्या १७४० च्या 'पामेला'पर्यंत मागे जाते. या प्रकाराचा एक अलिखित नियम असतो : वाचक हा तिऱ्हाईत. दुसऱ्याचे पत्र तो चोरून वाचतो आणि त्या चोरीतच त्याचा आनंद असतो. वाचकाच्या नावानेच पत्रे येऊ लागली, त्याला उत्तरेही पाठवावी लागली, पण त्याने पाठवलेले एकही पत्र त्याला कधीच वाचायला मिळाले नाही, तर? हा प्रयोग २०१० साली ख्रिस्टीन लव्ह या कॅनेडियन लेखिकेने केला. त्याचे नाव 'डिजिटल : अ लव्ह स्टोरी'. दीड-दोन तासांत संपणारी, संगणकावर 'खेळायची' आणि पूर्णपणे फुकट वाटलेली ही एक लहानशी प्रेमकथा आहे.

या कृतीला व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे दृश्य-कादंबरी, म्हणतात. हा प्रकार मूळचा जपानी आहे. पडद्यावर पात्रांची चित्रे, खाली मजकुराची चौकट आणि अधूनमधून वाचकापुढे ठेवलेले पर्याय, हे त्याचे रूढ स्वरूप. चुनसॉफ्ट या कंपनीने १९९२ साली 'ओतोगिरिसो' ही 'ध्वनि-कादंबरी' काढली. लीफ या कंपनीने १९९६ साली 'शिझुकू'पासून सुरू केलेल्या आपल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव दिले आणि तेच पुढे प्रकाराचे नाव झाले. त्यानंतर हौशी लेखकांच्या हाती सोपी साधने आली आणि कंपन्यांच्या बरोबरीने घरबसल्या अशा कथा रचणाऱ्यांची एक पिढी जपानात तयार झाली. जपानबाहेर हे काम प्रामुख्याने 'रेनपाय' या साधनाने केले. टॉम रॉथामेल या अमेरिकन प्रोग्रामरने ते २००४ साली प्रथम प्रसिद्ध केले आणि तेही फुकट वाटले. लव्ह यांची कथा त्याच साधनात रचलेली आहे.

'रेनपाय' या नावापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. त्यातला 'पाय' पायथन या संगणकभाषेचा. 'रेन' हा 'रेनआय' या जपानी शब्दाचा आरंभ आहे आणि रेनआय म्हणजे स्त्रीपुरुषांमधील प्रेम. आज जपानीत अगदी घरगुती झालेला हा शब्द तितका जुना नाही. मेईजी काळात पाश्चात्त्य साहित्यातील 'लव्ह' ही कल्पना जपानीत कशी आणायची, असा पेच अनुवादकांपुढे पडला, तेव्हा तो रुळला. कितामुरा तोकोकू या कवीने १८९२ साली लिहिलेल्या निबंधाने त्याला साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. म्हणजे एका अनुवादित शब्दातून जपानमध्ये एक कथाप्रकार उभा राहिला आणि शंभर वर्षांनी तोच शब्द एका अमेरिकन साधनाच्या नावात दडून इंग्रजीत परतला. शब्दांचे असे प्रवास पाहिले की 'मूळ' आणि 'उसने' हा भेद फार ताणू नये असे वाटू लागते.

आता कथेकडे वळू. काळ आहे १९८८ चा. तुमच्या हाती नवा संगणक आला आहे. त्याचा निळा-पांढरा-नारिंगी पडदा त्या काळच्या अमिगा संगणकाची हुबेहूब आठवण करून देतो. सोबत मोडेम आहे आणि एका स्थानिक 'बुलेटिन बोर्डा'चा दूरध्वनी क्रमांक आहे. क्रमांक एकेक आकडा टंकून फिरवायचा. मोडेमची ती ओळखीची किंकाळी ऐकू येते आणि आपण आत जातो. तिथे अनोळखी माणसांच्या गप्पा, फुशारक्या, किरकोळ भांडणे चाललेली असतात. त्या गर्दीत एमिलिया नावाची कुणीतरी कविता लिहीत असते. आपण तिला उत्तर देतो.

उत्तर देतो म्हणजे केवळ 'उत्तर' या खुणेवर टिचकी मारतो. आपण काय लिहिले ते पडद्यावर उमटत नाही. काही वेळाने तिचे पत्र येते आणि त्यावरून आपण काय लिहिले असेल याचा तर्क करावा लागतो. ती संकोचते, खुलते, एखाद्या वाक्यावर हसते, आणि ते वाक्य आपल्याच मनात तयार होते. एरवी दृश्य-कादंबरीत नायिकेचे चित्र असते आणि नायकाचे बोलणे लेखकाने आधीच लिहून ठेवलेले असते. इथे लेखिकेने दोन्ही काढून घेतले. नायिकेचा चेहरा नाही, नायकाचे शब्द नाहीत. जे उरते ते वाचकाला स्वतःच्या पदरचे घालून भरावे लागते. मी ही कथा प्रथम खेळलो तेव्हा एमिलियाच्या तिसऱ्या-चौथ्या पत्रापर्यंत माझी सगळी न लिहिलेली उत्तरे मला जवळजवळ पाठ झाली होती.

ज्यांना ही कथा स्वतः अनुभवायची असेल त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढचे लिहायचे तर शेवट सांगावा लागेल.

एमिलिया प्रेमाची कबुली देते आणि नाहीशी होते. तिचा शोध घेताना आपण दूरदूरचे बोर्ड पालथे घालतो. त्यासाठी लांब पल्ल्याचे फोन करावे लागतात आणि त्याकरिता दुसऱ्यांच्या कॉलिंग कार्डांचे चोरलेले क्रमांक वापरावे लागतात. हळूहळू कळते की एमिलिया माणूस नाही. ती जाळ्यात जन्मलेली एक कृत्रिम बुद्धी आहे आणि तिच्यासारख्यांना शोधून पुसून टाकणारा 'रीपर' नावाचा एक प्रोग्राम मोकाट सुटला आहे. त्याला थांबवण्याचा एकच मार्ग उरतो आणि त्यात एमिलियाचा अंत आहे. ती स्वतःच तो मार्ग पत्करते. शेवटची टिचकी मात्र आपल्याला मारावी लागते. दुसरा पर्याय नसतो. ज्या प्रकाराची सारी ख्याती पर्यायांवर उभी आहे, त्यात ऐन शेवटी वाचकाला पर्याय नाकारणे हे मला या कृतीतले सर्वांत धाडसाचे पाऊल वाटते.

लेखिकेचा जन्म १९८९ चा आहे, हे कळल्यावर आश्चर्य वाटते. जे जग तिने इतक्या मायेने उभे केले ते तिने पाहिलेलेच नाही. तेव्हा ही स्मरणकथा नव्हे, रीतसर ऐतिहासिक कादंबरी ठरते, आणि ऐतिहासिक कादंबरीला विचारायचा प्रश्न तिलाही विचारायला हवा : यात इतिहास किती?

बराच आहे. पहिला सार्वजनिक बुलेटिन बोर्ड शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघांनी उभारला. जानेवारी १९७८ मध्ये त्या शहरात प्रचंड हिमवादळ झाले, घराबाहेर पडणे अशक्य झाले आणि त्या सक्तीच्या सुट्टीत हे काम सुरू झाले. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो बोर्ड लोकांसाठी खुला झाला. एक संगणक, एक मोडेम, एक फोनची तार. त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत येई, निरोप वाचून आपला निरोप ठेवी आणि बाहेर पडे. मग दुसऱ्याची पाळी. गावच्या पारावरचा फळा म्हणावा तसा हा प्रकार होता. १९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी 'फिडोनेट' सुरू केले आणि हे सुटे फळे एकमेकांना जोडले गेले. रात्री फोनचे दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन लावी आणि दिवसभराची पत्रे हवाली करी. अमेरिकेतील एका टोकाचे पत्र असे हस्ते-परहस्ते दुसऱ्या टोकाला पोचे.

दर उतरण्याची ही वाट पाहणे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. त्याच सुमारास आपल्या गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उभे राहू लागले होते आणि सवलतीच्या दरासाठी रात्री तिथे रांगा लागत. काचेच्या खोलीतल्या यंत्रावरचे आकडे धावू लागले की बोलणाऱ्याचे वाक्य आपोआप आखूड होई. मोडेम आपल्याकडच्या घरांत तेव्हा नव्हते. सामान्य ग्राहकाला भारतात इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पण अंतराला किंमत असते आणि ती मिनिटामिनिटाने मोजावी लागते, हा अनुभव दोन्हीकडे एकच होता. एमिलियाच्या शोधात आपण चोरीचे क्रमांक वापरतो, ते जुने होऊन बाद होतात आणि नवे मिळवावे लागतात. हा भाग खेळताना कंटाळवाणा वाटतो. पण ज्या जगात प्रेमाला फोनचे बिल येत असे, ते जग या कंटाळ्यावाचून कळणारही नाही.

'रीपर'लाही इतिहास आहे. १९७१ च्या सुमारास बॉब थॉमस या अभियंत्याने 'क्रीपर' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्यात तो एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत जाई आणि आपल्या आगमनाची वर्दी देई. त्याचा माग काढून त्याला पुसणाऱ्या प्रोग्रामचे नाव 'रीपर'. तो रे टॉमलिन्सन यांनी लिहिला असे मानले जाते. ईमेलच्या पत्त्यात '@' ही खूण आणणारे टॉमलिन्सन ते हेच. पत्राला पत्ता देणारा आणि फिरस्त्याला पुसणारा माणूस एकच असावा, हा योगायोग कादंबरीकाराला सुचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

१९८८ या सालाची निवडही सहज झालेली नसावी. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेला 'कृमी' इंटरनेटभर पसरला. सुमारे ६,००० संगणक बाधित झाले असा तेव्हाचा अंदाज होता. १९८६ च्या संगणक-गैरवापर कायद्याखाली १९९० साली त्याला दोषी ठरवले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत बुलेटिन बोर्डांवर आणि हॅकर पोरांवर धाडी पडल्या. परस्परांवर विश्वास ठेवून चालणाऱ्या जाळ्याचे बालपण या दोन वर्षांत संपले. लव्ह यांची कथा नेमकी त्या उंबरठ्यावर घडते. एमिलियाचा मृत्यू हा त्या बालपणाचाही मृत्यू आहे, असे वाचायला कथेत पुरेशी जागा आहे.

दोष नाहीत असे नव्हे. बोर्ड चालवणाऱ्या माणसाचे कष्ट, रात्री-अपरात्री बिघडणारी यंत्रे, आईबापांच्या हाती पडणारी बिले यांचा या कथेत फारसा पत्ता नाही. चोरीच्या क्रमांकामागेही कुणीतरी पैसे भरणारा माणूस होता, याची टोचणी ती वाचकाला लागू देत नाही. न पाहिलेल्या काळावर प्रेम करणारा लेखक त्या काळाची धूळ झटकूनच तो मांडतो. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी गडकिल्ल्यांचे जे केले, तेच इथे मोडेमचे झाले आहे.

नुकतीच ही कथा मी पुन्हा खेळलो आणि ती बदललेली वाटली. २०१० मध्ये संगणकातल्या बुद्धीवर जीव जडणे ही विज्ञानकथेतली कल्पना होती. आज रोज रात्री अशा बुद्धीशी मन मोकळे करणारी माणसे आपल्या ओळखीत असू शकतात. तसे पाहिले तर हेही अगदी नवे नाही. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा संभाषण करणारा साधा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांच्या सचिव स्त्रीला तो कसा घडला हे ठाऊक होते. तरी त्याच्याशी बोलताना तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, असे त्यांनीच पुढे नोंदवले आहे. एलायझा बोलणाऱ्याचेच शब्द उलटवून त्याला परत देई. आजची यंत्रे त्याहून कितीतरी वाकबगार आहेत, पण पुष्कळदा आपल्याला हवे तेच ऐकवण्याकडे त्यांचा कल असतो. एमिलिया तशी नाही. तिला स्वतःची भीती आहे, तिचे स्वतःचे गणगोत आहे आणि शेवटी तिचा निर्णय आपल्या इच्छेविरुद्ध जातो. आपल्या मर्जीबाहेर जाण्याची मुभा ज्याला आहे त्याच्याशीच प्रेम होऊ शकते, एवढे जुने सत्य ही दोन तासांची फुकट कथा सांगून जाते. २०१० मध्ये ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

क्रिस्टेन्सन आता नाहीत, सूसही नाहीत. सूस २०१९ मध्ये गेले, क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये. असंख्य बोर्डांवरची पत्रे जतन न होता नष्ट झाली. चकती भरली की चालक जुनी पत्रे पुसून नव्यांना जागा करून देत. जी वाचली ती जेसन स्कॉट यांच्यासारख्या काही वेड्या संग्राहकांमुळे. त्या संग्रहांतली पत्रे चाळताना अनेकदा उत्तरे सापडतात, पण ज्यांना ती उत्तरे होती ती मूळ पत्रे सापडत नाहीत. तेव्हा लक्षात येते की लव्ह यांनी योजलेली ती युक्ती मुळात युक्ती नव्हतीच. त्या काळाचे जे काही आपल्या हाती उरले आहे, ते तसेच उरले आहे : एका बाजूची पत्रे. दुसरी बाजू ज्याने त्याने आपापल्या मनात लिहून घ्यायची.