बंदुकीची नळी, घरगुती पाना आणि आपला पुरावा

गंगापूर रोडवरच्या कॉलेजांत एनसीसी केलेल्यांना रायफल नवी नाही. पण तिची नळी मागच्या सांगाड्यात नेमकी कशी बसवलेली असते, हा प्रश्न बहुतेकांना पडलेला नसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं तो जरूर विचारावा, कारण वस्तू पुरावा म्हणून कशी वाचायची हे त्यातून छान कळतं.

आपल्याकडच्या जुन्या तोड्याच्या बंदुकीत नळी लाकडी दस्त्याला धातूच्या पट्ट्यांनी, तारेनं किंवा चामड्याच्या वाद्यांनी आवळलेली असे. बांधणी सोडली की नळी हातात! ली-एनफिल्डसारख्या रायफलीचं तसं नाही. तिथे नळीच्या मागच्या टोकाला आटे असतात. ती सांगाड्यात फिरवत नेऊन शेवटी जोर देऊन घट्ट बसवतात आणि पुढची माशी बरोबर वर यावी लागते. शंभरेक वर्षांत गंज आणि वाळलेलं तेल त्या आट्यांत बसतं. जाम झालेला नट सोडवताना सातपूरच्या फिटरचा काय घाम निघतो ते बघा, म्हणजे अंदाज येईल.

म्हणून हौशी कारागीर जगभर घरीच साधनं बनवत आले आहेत. तत्त्व साधं आहे. लाकडाच्या दोन ठोकळ्यांत नळीच्या आकाराची खाच करायची, नळी घसरू नये म्हणून मध्ये राळ टाकायची, बोल्टांनी ते आवळायचं आणि सांगाड्याला नेमका बसेल असा लांब दांड्याचा पाना करायचा. नळी स्थिर, सांगाडा फिरता. पाना सैल बसला तर सांगाडा पिळतो. ठोकळा सैल राहिला तर नळीवर ओरखडे उठतात.

आता हे ओरखडेच आपल्या कामाचे! कारखान्यातलं काम नोंदवहीत सापडण्याची शक्यता असते. घरच्या पान्याची नोंद कोण ठेवणार? त्याची खूण उरते ती लोखंडावरच.

याचं महत्त्व कळायला १८५७ कडे जाऊ. त्या उठावानंतर इंग्रज सरकारनं हिंदी शिपायांच्या हाती चांगली रायफल द्यायची नाही असं धोरण ठेवलं. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड ०.५७७ इंची होती. तिच्यापासून १८५८ चा नमुना निघाला, तो नळी आतून कोरून, पीळ काढून टाकून. पीळ गेला की गोळीचा फिरकी घेण्याचा गुण गेला आणि लांबचा नेम गेला. बाहेरून बंदूक जवळपास तीच, आतून दुय्यम. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला. विसाव्या शतकात इशापूरच्या कारखान्यातही .३०३ च्या काही रायफली कोरून .४१० च्या एकबारी मस्केट बनवल्या गेल्या. त्या पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी होत्या. नळी ही राजकारणाची जागा होती, ती अशी.

समजा, अशी एखादी बंदूक संग्रहालयात तुमच्यासमोर आली. पहिला प्रश्न असा, की जुनीच नळी कोरली आहे की नळीच बदलली आहे? ली-एनफिल्डमध्ये नळीच्या मुळाशी वर एक सपाट भाग असतो, त्याला ‘नॉक्स फॉर्म’ म्हणतात. तिथला अनुक्रमांक, सांगाड्यावरचा आणि बोल्टवरचा, असे तिन्ही जुळवून बघा. जुळले तरी लगेच निष्कर्ष काढू नका, कारण दुरुस्तीनंतर आकडे नव्याने ठोकलेही जातात. अक्षरांचा साचा एकच आहे का? जुना आकडा खोडल्याची खूण आहे का? नळी-सांगाड्याच्या सांध्यावर पान्याचे ओरखडे आहेत का? तीन-चार खुणा एका दिशेला गेल्या तरच विधान करा, आणि तेही ‘शक्यता’ म्हणून.

आता मोह होईल, की नळी काढूनच बघू, आटे दिसतील. नको! एक तर कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रांची निर्मितीच काय, दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही आणि शस्त्र बाळगायलाही परवाना लागतोच. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पण समजा, परवाना खिशात आहे. तरीही पहिल्या झटक्यात काय होतं? आधीच्या कारागिराच्या खुणांवर तुमच्या पान्याच्या खुणा बसतात. जो पुरावा वाचायला आलात तोच तुम्ही पुसता. कागदाचं पान फाटलं तर त्याची प्रत कुठेतरी असू शकते, या सांध्याची नसते.

त्यामुळे तिरका प्रकाश टाकून फोटो घ्या, मोजमाप नोंदवा, नळीत बारीक कॅमेरा घालायला संग्रहालयाची लेखी परवानगी मागा. आत पीळ आहे की गुळगुळीत, हे तेवढ्यानंही कळतं.

प्रबंधाचा आराखडा लिहिताना ‘साधनं’ या मथळ्याखाली फक्त दप्तरं आणि ग्रंथ लिहू नका. वस्तू लिहा, आणि तिला हात कुठपर्यंत लावणार हेही लिहा. मार्गदर्शक विचारतीलच, तेव्हा उत्तर तयार असेल.