आजारपण कोण काढतं?

मराठीत ‘आजारपण काढणं’ हा शब्दप्रयोग दोघांसाठी चालतो. अंथरुणावर पडलेला आजारपण काढतो, आणि त्याच्या उशाशी बसलेली व्यक्तीही त्याचं आजारपण काढते. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र बहुतेक वेळा या दोघांनाही वगळून लिहिला जातो. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड यांनी पहिल्यांदा अपेंडिक्स यशस्वीपणे काढलं, १८८६ मध्ये बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या दुखण्याचं नेमकं मूळ दाखवून दिलं, १८९४ मध्ये मॅकबर्नी यांनी उजव्या कुशीतला तो ओळखीचा छेद सांगितला, अशी ही गोष्ट टेबलापाशी सुरू होते आणि टाके घातले की संपते. त्यापुढचे दिवस कुठे गेले, कोणाच्या जिवावर गेले, याची नोंद कुणी ठेवत नाही. मुंबईच्या उपनगरांपुरती ही नोंद जुळवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. शस्त्रक्रिया सुधारत गेली तसे इस्पितळातले दिवस घटत गेले. उरलेलं बरं होणं घरावर सोपवलं गेलं, आणि ते पेलण्यासाठी घराला काय लागतं याचा विचार मात्र मागेच राहिला.

या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध आजारपण जुहूला काढलं गेलं. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना अपेंडिसायटिस झाला आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं, ही हकिगत सर्वज्ञात आहे. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. जखम लवकर भरेना. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली, तरी ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ससूनमध्येच होते. म्हणजे इस्पितळातच सुमारे आठ आठवडे. त्यानंतर समुद्राच्या हवेसाठी त्यांना जुहूला नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यात हलवण्यात आलं आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच राहिला. तेव्हाचं जुहू म्हणजे ताडामाडांची किनारपट्टी, मुंबई शहराच्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेरची, चार वर्षांपूर्वीच निर्माण झालेल्या उपनगर जिल्ह्यातली. तिथेही पूर्ण विश्रांती मिळालीच नाही. एप्रिलपासून ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’चं संपादन पुन्हा सुरू झालं, मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास कायदेमंडळ प्रवेशाचा वाद घेऊन येत राहिले. तरीही हिशेब मांडला तर एका अपेंडिक्ससाठी साडेचार महिने, प्रशस्त घर, मोकळी हवा आणि सेवेला माणसं लागली.

गांधीजींचं उदाहरण घेऊन सर्वसामान्यांविषयी काय सिद्ध होणार, असा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासारखा पाहुणचार कुणाला मिळणार? पण मुद्दा नेमका तिथेच आहे. प्रतिजैविकं नसलेल्या काळात चिघळलेली जखम थोरामोठ्यांनाही सोडत नसे. १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक याच दुखण्यामुळे पुढे ढकलावा लागला होता. फरक पडे तो जखम भरेपर्यंत थांबण्याच्या ऐपतीत. ज्यांना ती ऐपत होती त्यांच्यासाठी उपनगर हेच औषध होतं. १८९६ च्या प्लेगनंतर दाट शहरातून निघून उत्तरेच्या साष्टी बेटावर, म्हणजे उपनगरांकडे, जाण्याची ओढ वाढली, आणि ‘हवापालट’ हा शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीइतकाच घरच्या बोलण्यात रुळला. अंधेरी-जुहूकडे बंगला बांधणं हा आरोग्याचाही विचार होता. गिरणगावातल्या कोकणी कामगाराकडे यातलं काहीच नव्हतं. दहाबारा जणांनी भाड्याने घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा, खाणावळीत जेवणारा हा माणूस आजारी पडला की गावी धाडला जाई. त्याचं घरी बरं होणं म्हणजे रत्नागिरीकडे जाणारी बोट, मग पायवाट, आणि शेवटी आईच्या किंवा बायकोच्या हातची पेज. पूर्वी एकत्र कुटुंब होतं म्हणून सगळ्यांची काळजी घेतली जाई, असं आज हळहळून म्हटलं जातं. मुंबईपुरतं ते अर्धंच खरं आहे. कुटुंब होतं, पण ते मुंबईत नव्हतं. गिरणी ज्याच्या श्रमावर चाले त्याच्या आजारपणाचा खर्च कोकणातलं शेत आणि तिथली बाई उचलत होती.

अंथरुणाविषयीची समजूतही याच काळात बदलली. पोट उघडलं की दोन-तीन आठवडे आडवं राहायचं, हा नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक ठिकाणी पाळला जाई. डेट्रॉइटच्या डॅनियल लायथाउजर यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी, मुख्यतः अपेंडिक्सच्या रुग्णांवरूनच, लवकर उठून चालणाऱ्याच्या फुप्फुसांना आणि पायांतल्या रक्तवाहिन्यांना कमी त्रास होतो, असं मांडलं. महायुद्धात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या आणि हा विचार झपाट्याने पसरला. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी तर अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांवरच लेख लिहिला. त्यात पेनिसिलिनची भर पडली. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ते आपल्या पिंपरीतच बनू लागलं. मात्र घरातली पथ्यं पेनिसिलिनच्या आधीच्या भीतीतून आलेली होती आणि ती तशीच राहिली. भाताने पू होतो, आंबट खाल्लं की टाके चिघळतात, हे आजही बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत स्वयंपाकघरांत ठामपणे सांगितलं जातं. ज्या काळात जखम चिघळणं हीच रीत होती, त्या काळात घरातल्या बाईच्या हाती ताटाखेरीज दुसरं काही नव्हतं. म्हणून या समजुतींची टवाळी करणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्या चुकीच्या आहेत हेही स्पष्ट बोललं पाहिजे. जॉन क्रँडन या अमेरिकी शल्यविशारदाने १९३९ मध्ये काही महिने क जीवनसत्त्वाशिवाय राहून स्वतःच्या पाठीवर छेद घेतला, आणि शरीरातला साठा संपल्यावर ती जखम भरेना हे दाखवून दिलं. लिंबू आणि आवळा तोडून आपण टाक्यांचं नुकसानच करत असतो.

उपनगरातलं घर खऱ्या अर्थाने आजारपण काढण्याची जागा झालं ते स्वातंत्र्यानंतर. १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपर, १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आले. राजावाडी, कूपर, भगवती, अगरवाल ही नावं हळूहळू लोकांच्या तोंडी बसली आणि पोटात दुखू लागल्यावर परळचं मोठं इस्पितळ गाठण्याची सक्ती कमी झाली. रुग्णाला डबा पोचवणं शक्य झालं, आणि घरी आणणं म्हणजे रिक्षाचं अंतर झालं. याच पट्ट्यात, भांडुप-मुलुंडच्या रस्त्यालगत, अंधेरीच्या मरोळ भागात, कांदिवलीत कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर १९४८ च्या कायद्याची राज्य कामगार विमा योजना आली. तिची रुग्णालयं मुलुंड, अंधेरी, कांदिवलीत आहेत, पण मला अधिक मोलाची वाटते ती तिच्यातली रजेची तरतूद. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. जुहूच्या बंगल्यात जे ऐपतीने मिळालं, त्यातला वेळ तरी या कायद्याने कामगाराच्या हक्कात आणून ठेवला. पुढे कारखाने बंद पडत गेले, त्या जागांवर मॉल आणि मनोरे आले, आणि त्याच वस्त्यांतली पुढची पिढी रिक्षा, घरकाम, कंत्राटी सुरक्षारक्षकी अशा कामांत गेली. त्यातल्या कितीतरी जणांना आजारपणाची पगारी रजा नाही.

आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हा प्रश्नच मिटवला, असं कुणी म्हणेल. जर्मनीच्या कुर्ट झेम यांनी १९८० च्या सुमारास पोट न फाडता अपेंडिक्स काढून दाखवलं, मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि ही वाट देशात रुंद झाली. गुंतागुंत नसेल तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो, हे खरंच मोठं वरदान आहे. पण घरी येणं आणि बरं होणं यांत अजून दोन-तीन आठवडे असतात, आणि अपेंडिक्स फुटलं असेल तर त्याहून जास्त. त्या दिवसांत जड उचलायचं नाही, पोटावर ताण येऊ द्यायचा नाही, ताप किंवा जखमेतून स्राव आला तर लगेच परत जायचं. चिठ्ठीवरचे हे नियम प्रत्यक्ष घरात आणून पाहावेत. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा चौथा मजला, किंवा वस्तीतला सार्वजनिक संडास, जिथे हातात बादली घेऊन जायचं आणि उकिडवं बसायचं. सकाळी नळाला अर्धा तास पाणी, तेव्हा हंडे कुणीतरी भरायचेच. आणि कामावर परतायचं म्हटलं तर अंधेरीला गाडीत शिरताना पोटावर बसणारा धक्का. पूर्वी वॉर्डातली परिचारिका ताप मोजायची आणि पट्टी बदलायची, आता ते काम बायकोकडे किंवा मुलीकडे येतं, आणि त्यासाठी तिची रजा, बहुधा बिनपगारी, खर्ची पडते. ज्यांना परवडतं ते रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी आणतात. ती मावशी ज्या वस्तीतून येते, तिथे तिच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्यासाठी ब्युरो नसतो.

घरात काय चालतं यात यंत्रणेने कशाला शिरायचं, आधीच पालिकेच्या दवाखान्यांवर ताण आहे, असंही उत्तर येईल. पण घरी जाऊन पाहणं ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. इस्पितळात बाळंतपण झालेल्या आईच्या घरी आशा सेविकेने तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जायचं, असा नियम ठरलेला आहे, कारण बाळ घरी पोचल्यावरच्या दिवसांत जीव जाऊ शकतो हे मान्य झालं आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ताप चढतो, आत पू साठतो, तोही बहुधा घरी पोचल्यावरच्या दिवसांत. तेव्हा डिस्चार्ज कार्ड लिहिताना कितवा मजला, संडास कुठे, पाणी कोण भरतं आणि घरी कोण थांबणार हे चार प्रश्न विचारले जावेत, आणि ज्यांची उत्तरं काळजीची असतील त्यांच्या दारी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी कुणीतरी थर्मामीटर घेऊन जावं.