कैद्याची फिर्याद

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे मराठी घरांत सर्वश्रुत आहे. पण कैदेत लिहिलेलं आणखी एक पुस्तक छापायला बाहेर पाठवता यावं, यासाठी पुढे तुरुंगाधिकाऱ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं. तेही पुस्तक मराठीच होतं.

कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. राज्य सरकारने मार्च १९६४ मध्ये हस्तलिखित बाहेर पाठवायला नकार दिला, तुरुंग अधीक्षकांनीही दिला. संझगिरी उच्च न्यायालयात गेले. चीन युद्धावेळची आणीबाणी अजून उठली नव्हती, मूलभूत हक्कांसाठी दाद मागण्याची वाट बरीचशी बंद होती. सरकारचं म्हणणं असं, की स्थानबद्धाला नियमांनी दिल्या तेवढ्याच सवलती. पुस्तक पाठवण्याची सवलत नियमांत नाही. संझगिरी जिंकले. सरकारचं अपील सप्टेंबर १९६५ मध्ये फेटाळताना न्या. सुब्बा राव यांनी स्पष्ट केलं, की हे नियम सवलती देत नाहीत, बंधनं घालतात. जिथे बंधन नाही, तिथे माणसाचं स्वातंत्र्य शाबूत आहे. कैद्यांच्या हक्कांचा आपल्याकडचा पाया मला इथेच दिसतो.

१९६४ मध्येच अमेरिकेत इलिनॉयच्या तुरुंगातले थॉमस कूपर धार्मिक पुस्तकांसाठी लढत होते. १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली कैदी तुरुंगाधिकाऱ्यांवर संघीय न्यायालयात दावा लावू शकतो, हे त्यांच्या खटल्याने पक्कं केलं.

पण ज्याच्याजवळ वकील नाही, पैसे नाहीत, त्याचं काय? दिल्लीच्या तिहार तुरुंगातल्या सुनील बात्रांनी सोबतच्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि ते पत्रच याचिका ठरलं. डिसेंबर १९७९ च्या त्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या, जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातून ती जाऊ नये, एवढी साधी सोय; मला ती मोठ्या तत्त्वांइतकीच मोलाची वाटते.

दाद मागण्याची ही वाट आजही चालू आहे: नाशिकरोड कारागृहातले कैदी संचित रजा (फर्लो) नाकारली तर मुंबई उच्च न्यायालयात याचिका करतात. रजा का नाकारली, याचं उत्तर तिथे प्रशासनाला द्यावं लागतं.