'पोस्टेड' राहण्याची गोष्ट : खतावणी आणि द्राक्षवेल

नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेबांनी माझ्या एका टिपणावर इंग्रजीत शेरा मारला : 'कीप मी पोस्टेड'. मी इमानेइतबारे दर सोमवारी प्रगतीचा अहवाल पाकिटात घालून, तिकीट लावून टपालाने पाठवू लागलो. साहेब माझ्याच मजल्यावर बसत. तिसऱ्या पाकिटानंतर हेडक्लार्क म्हणाले, "अहो, टपाल कसलं? काय होतंय ते त्यांना कळवत राहा, एवढंच." तेव्हाची शरम ओसरली, पण या शब्दाचे कुतूहल कायमचे मागे लागले.

या 'पोस्टेड'चा जवळचा संबंध टपालपेटीशी नाही, हिशेबाच्या वहीशी आहे. दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचे आणि मग ज्याच्या-त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, उतरवायचे. या उतरवण्याला इंग्रजी हिशेबनीस सतराव्या शतकापासून 'पोस्ट करणे' म्हणत आले. नोंद एका वहीतून दुसरीकडे वाहून न्यायची, म्हणून टपालाच्या घोड्यांवरून हा शब्द आला असे मानतात. म्हणजे माझी चूकही अगदीच निराधार नव्हती! एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा वाक्प्रचार वह्यांवरून माणसांवर आला. ज्याची खाती पुरी लिहिलेली, तो 'पोस्टेड'. 'अप टु डेट'चे मूळही बहुधा हिशेबातलेच : आजच्या तारखेपर्यंत भरलेली वही. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पण ज्यांना वही धरण्याचीच मुभा नव्हती, ते काय करत? याचे उत्तर दुसऱ्या एका वाक्प्रचारात आहे. 1844 मध्ये सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला. पुढे तारांचे जाळे पसरले आणि तोंडोतोंडी फिरणाऱ्या बातमीला थट्टेने 'ग्रेपव्हाइन टेलिग्राफ', म्हणजे द्राक्षवेलीची तार, म्हणू लागले. तार खांबांवरून नीट जाते, वेल वाट मिळेल तशी. यादवी युद्धाच्या काळात सैनिकांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा 'कंडी' असाच असे.

गुलामांच्या वस्तीत मात्र ती थट्टा नव्हती. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्यास कायद्याने बंदी होती. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1901 साली प्रसिद्ध झालेल्या 'अप फ्रॉम स्लेव्हरी' या आत्मचरित्रात या तारेची हकीगत दिली आहे. त्यांच्या मळ्यापासून पोस्ट ऑफिस सुमारे तीन मैलांवर होते. टपाल आणायला एका गुलामाला पाठवीत. टपाल घेऊन गोरे लोक ताज्या बातम्यांवर बोलत उभे राहत, आणि हा गडी मुद्दाम रेंगाळून ऐकत राही. परतताना ती बातमी आधी गुलामांना कळे. युद्धातल्या मोठ्या घडामोडी मालकाच्या वाड्याआधी त्यांच्या झोपड्यांत पोहोचत. पत्रे मालकाची, बातमी मात्र गुलामांची!

तरीही या वेलीच्या ताकदीला मर्यादा होती. बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा लिंकन यांचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 रोजी अमलात आला. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी मुक्तीचा हुकूम काढला तो 19 जून 1865 रोजी, जवळपास अडीच वर्षांनी. त्या राज्यात तेव्हा सुमारे अडीच लाख गुलाम होते. त्यांच्यापैकी काहींच्या कानावर बातमी आधीच आली होती. पण ती खरी करून दाखवणारे सैन्य जवळ नव्हते, आणि मालक हातचे मनुष्यबळ आपण होऊन सोडणार नव्हते. आज 'जूनटीन्थ' म्हणून पाळला जातो तो हाच दिवस.

इथे मला दोन्ही वाक्प्रचार एकत्र आलेले दिसतात. वेलीवरून बातमी येते, पण ती हक्क ठरायला कुणीतरी ती अधिकृत वहीत चढवावी लागते. आपल्याकडेही 'कानावर आलंय' आणि 'हुकूम आलाय' यांत कितीतरी लोकांची कितीतरी वर्षे जातात.

परवा एका तरुण सहकाऱ्याचा मोबाइलवर निरोप आला : 'कीप मी पोस्टेड'. मी लगेच उत्तर दिले. या वेळी तिकीट लावले नाही.