सोलापूरचे वसतिगृह आणि किशोरांचे सर्वांगीण शिक्षण

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आचार्याची शिष्याप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्याने शिष्याला उत्तम विनय शिकवावा, शिकविलेले त्याच्या नीट ध्यानी येईल असे पाहावे, सर्व शिल्पांचे म्हणजे विद्याकलांचे ज्ञान हातचे न राखता द्यावे, मित्रपरिवारात त्याची योग्यता सांगावी आणि सर्व दिशांना त्याला संरक्षण द्यावे. यांतील पहिल्या तीन कर्तव्यांवर आपण पुष्कळ बोलतो. शेवटच्या दोहोंकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुलाला सोबती मिळवून देणे आणि त्याला निर्भय करणे हे शिक्षणाला जोडलेले उपकार नसून शिक्षणाचेच अंग आहे, असे हे सुत्त मानते. सोलापुरात १९२५ साली निघालेल्या वसतिगृहाचा विचार करताना आम्हांला या सुत्ताची आठवण होते.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख होते. सभेचे उद्देश आज पुन्हा वाचण्याजोगे आहेत. वसतिगृहांद्वारे शिक्षणाचा प्रसार, वाचनालये व अभ्यासवर्ग यांच्याद्वारे संस्कृतीचा प्रसार, औद्योगिक व शेतकी शाळांद्वारे आर्थिक उन्नती आणि समाजाच्या गाऱ्हाण्यांना वाचा फोडणे, असे त्यांचे स्वरूप होते. अन्न, ग्रंथ, हातातले कौशल्य आणि हक्कांची जाणीव ही चारही अंगे त्यांत आली आहेत. ज्याला आज सर्वांगीण अभ्यासक्रम म्हणतात, त्याचा आराखडा एखाद्या शिक्षणखात्याने नव्हे, तर बहिष्कृतांच्या एका संस्थेने तेव्हाच मांडून ठेवला होता.

स्थापनेला सहा महिने होण्यापूर्वीच, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सोलापूरला वसतिगृह उघडले. प्राथमिक शाळा न काढता माध्यमिक विद्यार्थ्यांपासून आरंभ का केला? त्या काळी मराठी चार इयत्ता झाल्यावर मुलगा इंग्रजी पहिलीत जाई. त्या वेळी त्याचे वय दहा-अकराचे असे आणि नेमकी तेथेच वाट तुटत होती. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या परिषदेच्या आठवडाभर आधी, बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात आकडे मांडले. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी सांगितले. हा हिशेब सर्व मुलांचा होता. अस्पृश्यांच्या मुलांची स्थिती यापेक्षा काय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. एवढ्यातून तगून जो मुलगा पुढे आला, त्याला हातचा जाऊ देणे समाजाला परवडणारे नव्हते.

सोलापूर हे तर गिरण्यांचे गाव. १९२२ च्या सुधारित कारखाना कायद्याने कामावर घेण्याचे किमान वय १२ केले होते आणि १२ ते १५ वर्षांच्या मुलाकडून दिवसाला सहा तास काम घेण्याची मुभा ठेवली होती. इंग्रजी शाळेचे दार ज्या वयात उघडे, त्याच वयात गिरणीचेही दार उघडत असे. गिरणीतून मजुरी घरी येई, तर शाळेत घरचे पैसे जात. अशा घरातील बापाला विद्येचे महत्त्व पटवून देण्याने काय साधणार? सभेने उपदेश केला नाही. विद्यार्थ्यांच्या भोजनाचा, कपड्यांचा आणि लेखनसाहित्याचा भार तिने स्वतः उचलला. सोलापूर नगरपालिकेने वसतिगृहाला दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. ही रक्कम लहान असली तरी ती नगराच्या तिजोरीतून आलेली होती, कोणा धनिकाच्या दयेतून नव्हे. आमच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. वसतिगृहाची देखरेख सोलापूरचे जिवाप्पा ऐदाळे करीत. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले.

पोटापाण्याची सोय झाली म्हणजे काम संपले, असे सभेने मानले नाही. विद्यार्थ्यांत ज्ञानाची आणि समाजसेवेची गोडी निर्माण व्हावी म्हणून तिने त्यांची संमेलने भरविण्यास उत्तेजन दिले, आणि सभेच्या आश्रयाने विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. हे नाव आज आपल्या कानाला खटकेल. परंतु धम्मदीक्षेला अजून तीन दशकांचा अवकाश होता. त्या मुलांनी विद्येसाठी जो शब्द भोवताली ऐकला होता तोच उचलला, एवढाच त्याचा अर्थ. आम्हांला नावापेक्षा कृती मोठी वाटते. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर निषिद्ध होते, ती मुले परीक्षेसाठी नव्हे, तर आपले म्हणणे मांडण्यासाठी लिहू लागली. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडले आणि तरुणांना जुगार व दारू यांपासून दूर ठेवण्यासाठी महार हॉकी क्लब चालविला. खेळ हा शीलाच्या शिक्षणाचाच भाग मानलेला येथे दिसतो.

हे सारे आज आठवण्यास कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीचा मध्य स्तर वेगळा काढला आहे आणि त्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे असे सुचविले आहे. हाताच्या कामाला आमचा विरोध नाही. सभेच्या उद्देशांतच औद्योगिक शाळा होत्या. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळेचा वेळ अर्धा करून उरलेल्या वेळात मुलांना घरचा धंदा शिकविण्याची योजना आणली होती. तिच्याविरुद्ध एवढा क्षोभ उसळला की १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. कौशल्य शिकणे निराळे आणि बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणे निराळे. सुत्तात 'सर्व' शिल्पे म्हटले आहे, कुळाचे शिल्प म्हटलेले नाही. चांभाराच्या मुलाने सुतारकाम शिकावे, भटजीच्या मुलाने कातडे कमवून पाहावे, अशी तयारी असेल तर त्या दहा दिवसांचे आम्ही स्वागतच करू.

आपल्याकडेही तपासून पाहण्यासारखे बरेच आहे. विहारांतून चालणाऱ्या आमच्या अभ्यासिका बहुधा दहावीच्या आणि स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तेथे वंदनेच्या वेळी जागा असते, एरवी नसते. त्याने लिहिलेले कोण वाचतो? त्याला संध्याकाळी मैदानावर कोण नेतो? गुणांची टक्केवारी वाढावी म्हणून खेळ आणि अवांतर वाचन बंद करणारे पालक आमच्यातही कमी नाहीत, आणि आम्ही त्यांना हटकीत नाही.

जून १९२८ मध्ये भारतीय बहिष्कृत समाज शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि माध्यमिक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचे कार्य त्याच्या द्वारे पुढे विस्तारले. जानेवारी १९३८ मध्ये, ज्या नगरपालिकेने दरमहा ४० रुपये दिले होते, तिनेच बाबासाहेबांना मानपत्र अर्पण केले. १९२५ साली अकरा-बारा वर्षांचे असलेले विद्यार्थी तोपर्यंत चोवीस-पंचवीस वर्षांचे झाले होते.