ओई कोणता घ्यावा? आधी पायाखालच्या जमिनीला विचारा

परवा संध्याकाळी गल्लीतली एक मुलगी मोबाईल घेऊन दारात आली. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला तिची ॲडमिशन झालीय. म्हणाली, "काका, ओई भरायचाय. भूगोल घेऊ का? सगळे म्हणतात सोपा जातो, मार्क पडतात."

ज्यांच्या घरात कॉलेजचं पोर नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. नव्या शैक्षणिक धोरणात आपल्या शाखेबाहेरचा एक विषय निवडावा लागतो. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून हे सुरू झालं. तिच्या कॉलेजच्या यादीत भूगोल होता. मी म्हटलं, घे. पण सोपा आहे म्हणून घेऊ नको. का, ते सांगायला बसलो आणि चहा गार झाला. तेच इथं लिहितोय.

आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो, जगात जर्मनी, भारतात परभणी. पण या परभणीच्या खाली काय आहे ते कितीजणांना ठाऊक आहे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला. त्याचा झाला काळा पाषाण, आणि तो झिजून झाली आपली कापसाची काळी माती. जिंतूरच्या डोंगरापासून गंगाखेडच्या गोदाकाठापर्यंत सगळा संसार त्याच पाषाणावर उभा आहे.

ही माती वाचायचं काम इथं जुनं आहे. निजाम सरकारनं १९१८ मध्ये परभणीला शेती संशोधनाचं मुख्य प्रायोगिक केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, आणि तिथलं शिक्षणाचं माध्यम होतं उर्दू. म्हणजे बघा, परभणीच्या मातीवर प्रयोग परभणीत चालायचे, पण त्या मातीत राबणाऱ्याच्या मराठी पोराला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचं, तेही परक्या भाषेत. माती आपली, तिची विद्या दुसऱ्याची.

हे चित्र बदलायला १७ सप्टेंबर १९४८ यावा लागला. पुढं १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय आलं, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ. १८ मे १९७२ ला परभणीत कृषी विद्यापीठ झालं. आणि नेमका त्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ!

बहात्तरच्या गोष्टी घरोघरी आहेत. खडी फोडायची, सुकडी खायची, तलावाच्या कामावर लेकरू झाडाखाली झोपवायचं. विहिरीही खोदल्या. पण एकाच बांधाच्या अलीकडं पाणी आणि पलीकडं कोरडा दगड, असं का झालं? आजोबा म्हणायचे, नशीब. नशीब नव्हे, पाषाण. अखंड काळ्या दगडात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. भेग सापडली तर विहीर लागली, नाही तर पैसा मातीत. आमच्या काकांनी पाणाड्याच्या नारळावर विसंबून तीन बोअर मारले. तिन्ही कोरडे. कर्ज मात्र ओलं राहिलं, अजून फिटतंय.

मग १९९३. ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छपन्न मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. मी शाळेत होतो. आमच्या घरी मांडणीतली भांडी खणखणली आणि आईनं आम्हाला ओढत अंगणात आणलं. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. हजारो माणसं गेली. माणसं मारली ती भूकंपापेक्षा घरांनी. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर टनावारी मातीचं माळवद! उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

आणि तेव्हाच्या भूकंप नकाशात तो भाग कुठं होता? सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन एकमध्ये. आधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, तिथं लहान धक्के बसून गेले होते. जमीन बोलत होती. पुढं २००२ च्या मानकात झोन एक हा प्रकारच मोडीत काढला गेला आणि लातूर झोन तीनमध्ये गेलं. म्हणजे नकाशा दुरुस्त झाला, पण माणसं गेल्यावर.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलैला, हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. १९९९ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्याचा भाग. परभणीतही लोक रस्त्यावर आले. त्या सकाळी माझ्या फोनवर चाळीसेक मेसेज होते, "आता आणखी मोठा येणार, खरं का?" तारीख-वेळ सांगून भूकंप कुणालाच वर्तवता येत नाही, एवढं एक वाक्य माहीत असतं तरी निम्मी अफवा तिथंच मेली असती.

आता माझी कबुली. कॉलेजात मीही भूगोल टाळला. प्रॅक्टिकलची वही, नकाशे, नको ती कटकट! पुढं पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि २००६ च्या गोदावरीच्या पुराची बातमी लिहायला बसलो. जायकवाडीतून इतके लाख क्युसेक सोडले, असं लिहून मोकळा झालो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पैठणचं पाणी गंगाखेडला पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नदीकाठच्या माणसाच्या हातात असतो, हेही लिहिलं नाही. आकडा छापला, उपयोगाचं राहून गेलं. ते अजून टोचतं.

एका ओईनं कुणी भूशास्त्रज्ञ होत नाही, हे मान्य. काही ठिकाणी तास होतील, काही ठिकाणी नुसत्या नोट्सची झेरॉक्स मिळेल. पण ज्या विद्येसाठी आपल्या आज्या-पणज्यांना हैदराबाद गाठावं लागलं असतं, ती आज कॉमर्सच्या पोरीलाही आपल्या गावात, मराठीत मिळतेय. ती मार्कांच्या भावात विकू नका.

त्या मुलीला एकच काम सांगितलंय. फॉर्म भरायच्या आधी गावी जा, आजोबांना विचार, आपली विहीर किती फुटांवर लागली आणि मुरूम कुठं संपला. उत्तर ऐकून आणखी विचारावंसं वाटलं, तर विषय तुझा.

काल तिचा फोन आला. म्हणाली, "काका, आजोबा दोन तास बोलत होते."

फॉर्म भरलाय तिनं.